काहीच घडलं नाही आणि सगळं जपलं : मॉरिशसच्या मराठी माणसाकडे पाहण्याच्या दोन नजरा



आज आपण एका निबंधावर बोलणार आहोत. निबंध इंग्रजीत आहे, लेखक त्रिनिदादचा आहे आणि विषय मॉरिशसचा आहे. यात तासगावचा काय संबंध, हा प्रश्न तुमच्या मनात येणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. मात्र तिथपर्यंत जायला आधी दोन समुद्र ओलांडावे लागतील. थोडा धीर धरा.

लेखकाचं नाव व्ही. एस. नायपॉल. जन्म १९३२, त्रिनिदादमधल्या चगुआनास गावी. २००१ चं साहित्याचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून करारबद्ध मजूर म्हणून, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'गिरमिट' म्हणतात त्यावर अंगठा उठवून, कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर गेले. त्रिनिदादला भारतीय मजुरांचं पहिलं जहाज १८४५ साली लागलं. साखरेच्या मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, कारण गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि मोकळे झालेले गुलाम पुन्हा त्याच मळ्यांवर, त्याच मालकांच्या हाताखाली, मिळेल त्या मजुरीवर राबायला तयार नव्हते. ते तयार का नव्हते, हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको.

नायपॉल यांचं १९६२ सालचं एक प्रवासवर्णन आहे, 'द मिडल पॅसेज'. ते लिहावं असं त्यांना त्रिनिदादचे पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी सुचवलं होतं. विल्यम्स स्वतः मोठे इतिहासकार. भांडवलशाही आणि गुलामगिरी यांच्या नात्यावरचा त्यांचा १९४४ चा ग्रंथ आजही वाचला जातो. अशा माणसाने सुचवलेल्या पुस्तकात नायपॉल यांनी जो निष्कर्ष काढला, त्याने सगळी कॅरिबियन बेटं दुखावली. निष्कर्षाचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. इतिहास उभा राहतो तो कर्तृत्वावर आणि निर्मितीवर. आणि या बेटांवर काहीच निर्माण झालेलं नाही. म्हणजे या बेटांना सांगण्यासारखा इतिहासच नाही.

पुढे १९७२ मध्ये त्यांचा लेखसंग्रह आला. त्यातल्या मॉरिशसवरच्या निबंधाचंच नाव संग्रहाला दिलं आहे. त्या नावाचा अर्थ आहे, गच्च भरलेली गुलामकोठी. विकण्याआधी गुलामांना ज्या बराकीत कोंडून ठेवत, ती कोठी. मॉरिशस हे असं बेट आहे, असं नायपॉल म्हणतात. साखरेसाठी माणसं आणून कोंबली, साखरेला लागतात त्याहून ती जास्त झाली, आता त्यांना काम नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. शिकलेली पोरं परदेशी जाण्याच्या अर्जांवर डोळे लावून बसली आहेत. पुढारी भाषणं करताहेत. म्हणजे कॅरिबियन बेटांवर तयार केलेली मोजपट्टी घेऊन हा लेखक हिंदी महासागरात आला आणि तिनेच त्याने दुसरं बेट मोजलं. आज आम्हाला तपासायची आहे ती ही मोजपट्टी.

समीक्षेचा पहिला नियम असा, की ज्याच्यावर टीका करायची त्याचं बरोबर काय आहे ते आधी मान्य करावं. तेव्हा नायपॉल यांना काय दिसलं, ते पाहू.

मॉरिशस लहान आहे. आपल्या सांगली जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. मॉरिशस दोन हजारांच्या घरात. या बेटावर मूळ रहिवासी असे कुणीच नव्हते. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला नाव दिलं, आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. आफ्रिका आणि मादागास्कर इथून गुलाम आणले, ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. कुणाला? मालकांना. ज्यांची आयुष्यं गेली त्यांना एक छदामही नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले होते. हा इंग्रजांचा प्रयोग होता. गुलामाच्या जागी करारावरचा मजूर चालतो का, हे पाहायचं होतं. प्रयोग मालकांच्या दृष्टीने यशस्वी झाला. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं त्या धक्क्यावर उतरली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, बरीच तमिळ आणि तेलुगू मुलखातली, आणि काही मुंबई बंदरातून गेलेली. ही मुंबईकडून गेलेली माणसं म्हणजे रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतले आपले लोक.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तासगाव हा पुढे कितीतरी वर्षं सातारा जिल्ह्याचा तालुका होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. तेव्हा मॉरिशसच्या जुन्या नोंदवहीत 'सातारा' असं लिहिलेला माणूस नेमका कुठला, हे नुसत्या त्या शब्दावरून ठरत नाही. तो कृष्णाकाठचा असेल, माणदेशातला असेल, कदाचित इकडचाही असेल.

तर मळा, बराक, अनोळखी भाषा, दंड, कापलेला पगार, हे सगळं खरं आहे. नायपॉल यांनी त्यावर गुळाचा पाक ओतला नाही, हा त्यांचा मोठा गुण. १९७२ साली मॉरिशसमध्ये बेकारी होती, हेही खरं. आदल्याच वर्षी मोठे संप होऊन आणीबाणी लागली होती, निवडणुका लांबल्या होत्या. जेम्स मीड हे पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ. त्यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या वाढत्या लोकसंख्येबद्दल गंभीर इशारा दिलाच होता. नायपॉल काही कल्पनेतून लिहीत नव्हते.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, की सर, पण भाकीत तर चुकलं. बरोबर आहे. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला, कापड-कपड्यांचे कारखाने आले, त्यात हजारो बायका कामाला लागल्या, पुढे पर्यटन आलं, आणि आज मॉरिशसचं नाव आफ्रिकेतल्या सुस्थितीतल्या देशांत घेतलं जातं. पण एवढ्यावर नायपॉल यांना खोडून काढलं असं आम्ही म्हणणार नाही. भाकीत चुकणं हा दारिद्र्याचा हिशेब झाला, विचाराचा नव्हे. उद्या तिथले कारखाने बंद पडले तर नायपॉल पुन्हा बरोबर ठरतील काय? तसं नाही. चूक भाकितात नसून त्याच्या मागच्या गृहीतकात आहे.

ते गृहीतक तपासू या. इतिहास कर्तृत्व आणि निर्मिती यांवर उभा राहतो, असं म्हटलं की लगेच विचारलं पाहिजे, निर्मिती कशाला म्हणायचं? नायपॉल यांच्या डोळ्यांपुढे राजवाडे, प्रार्थनामंदिरं, ग्रंथालयं, तत्त्वज्ञानाचे संप्रदाय असं काहीतरी असावं. बेटावर ते नाही, म्हणून बेटावर काही नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हा निष्कर्ष व्याख्येतच लपवून ठेवलेला आहे. निर्मिती म्हणजे उरणारा दगड, अशी व्याख्या केली की ज्यांच्या हातात दगड रचायचा अधिकारच नव्हता ते सगळे आपोआप रिकामे ठरतात.

आणि गंमत अशी, की हे गृहीतक सर्वांत जोरात खोडून काढलं आहे ते नायपॉल यांनीच. 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' ही त्यांची १९६१ ची कादंबरी घ्या. त्यातला मोहन बिस्वास पाट्या रंगवणारा माणूस. सासुरवाडीच्या गोतावळ्यात दबलेला. आयुष्यभर धडपडून तो एक घर घेतो. घरही धड नाही, डोक्यावर कर्ज आहे. पण ते घर त्याचं आहे. काहीही हाती नसलेल्या माणसाने स्वतःची जागा कशी तयार केली, याची ती कथा आहे. ही निर्मिती नाही तर काय? कादंबरीकार नायपॉल यांना जे दिसलं ते निबंधकार नायपॉल यांना एका वर्षात दिसेनासं झालं. कारण कादंबरी लिहिताना ते एका माणसाजवळ बसले होते, आणि निबंध लिहिताना लंडनच्या खिडकीतून बेट पाहत होते.

मॉरिशसकडे जवळ बसून पाहिलं तर काय दिसतं? राज्यकारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि घरात-रस्त्यावर क्रिओल. ही क्रिओल भाषा कुणी बनवली? गुलामांनी. मालकाच्या फ्रेंचचे शब्द घेतले आणि व्याकरण आपल्या तोंडाला बसेल तसं घडवलं. मग भारतीय आले, त्यांनी तीच उचलली आणि आपले शब्द तिच्यात टाकले. २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. सेगा हे तिथलं गाणं-नाच, मूळ गुलामांचं; २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आलं. करारबद्ध मजुरांच्या धक्क्याला, म्हणजे आप्रवासी घाटाला, २००६ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि पळून गेलेल्या गुलामांनी ज्या डोंगराचा आसरा घेतला त्या ल मोर्नला २००८ मध्ये. आणि डालपुरी घ्या. बिहारी मजुराच्या चुलीवरची ही पोळी आज पोर्ट लुईच्या रस्त्यावर दोन-दोनच्या जोडीने विकली जाते आणि हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल सगळे उभ्या उभ्या खातात. एका घराचं अन्न सगळ्या बेटाचं झालं. यात राजवाडा कुठेच नाही. तरी हा इतिहास आहे.

इथवर नायपॉल झाले. आता आपल्याकडे वळू, कारण दुसऱ्याच्या लेखकावर टीका करणं सोपं असतं.

मॉरिशसच्या मराठी लोकांबद्दल आपण महाराष्ट्रात काय बोलतो? तिकडे जाऊन आलेल्यांची भाषणं, लेख आठवून पाहा. एकच क्रियापद तुम्हाला सतत भेटेल. 'जपलं.' मॉरिशसच्या मराठी बांधवांनी आपली संस्कृती जपली, गणपती जपला, भाषा जपली. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे सांगताना आपला ऊर भरून येतो. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आपले उपमुख्यमंत्री गेले, तेव्हाही हीच भाषा होती. ही भाषा प्रेमाची आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण प्रेमाच्या भाषेचीही समीक्षा व्हायला हवी.

'जपणं' या शब्दात काय गृहीत आहे? मूळ वस्तू इकडे आहे, तिकडे तिची ठेव आहे. ठेवीदाराने ती मोडली नाही, खर्च केली नाही, म्हणून शाबासकी. म्हणजे शाबासकी देणारे आपण, आणि परीक्षा देणारे ते. पुतळा इकडून तिकडे जातो, पुस्तकं आणि पाहुणे इकडून तिकडे जातात. तिकडून इकडे काय आलं? दीडशे-पावणेदोनशे वर्षं एका वेगळ्या बेटावर मराठी म्हणून राहिलेल्या लोकांकडून आपण एकही गोष्ट शिकलो आहोत का? शिकण्यासारखं काही असेल असं आपल्याला वाटलेलंच नाही.

आता दोन्ही नजरा शेजारी शेजारी ठेवा. नायपॉल म्हणतात, इथे काहीच निर्माण झालं नाही. आपण म्हणतो, इथे सगळं जसंच्या तसं जपलं गेलं. एक तुच्छतेने बोलतो, दुसरा कौतुकाने. पण दोघेही एकच गोष्ट नाकारतात. ती म्हणजे, त्या माणसांनी तिथे काही नवं घडवलं. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

आणि त्यांनी घडवलं, हे दाखवता येतं. गणपतीत तिथे 'झाकरी' नाचतात. कोकणातल्या मंडळींना हा शब्द ऐकून जाखडी आठवेल, आणि मूळ तेच. पण आज झाकरी नाचणारी मुलं घरी क्रिओल बोलतात. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, मराठी भाषिकांची संस्था कायद्याने स्थापन झालेली आहे. एवढं असूनही चुलीपाशी भाषा क्रिओलच. आपल्या व्याख्येप्रमाणे मराठी बोलतो तो मराठी. तिथे मात्र 'मराठी' हा भाषेपेक्षा समाजाचा शब्द झाला. भाषा तोंडातून गेली, तरी माणूस मराठी राहिला. गाणं, सण, देव, लग्नातल्या रीती, यांच्या आधाराने 'मराठी असणं' म्हणजे काय याची एक निराळी व्याख्या त्यांनी जगून दाखवली. ती आपल्याला पटो न पटो, विचार करण्यासारखी आहे की नाही?

आडनावांचंही तसंच. धक्क्यावर उतरलेल्या मजुराला नंबर मिळे, आणि नाव-बापाचं नाव-गाव-जात वहीत चढे. पण पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटलं ते बहुतेक त्या पहिल्या माणसाचं नुसतं नाव. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात काढून मोकळा होतो. तिथे ते तितकं सोपं राहिलं नाही. जात संपली असं आम्ही म्हणत नाही. तिथल्या राजकारणात समाज आणि जात यांची बेरीज-वजाबाकी चालतेच. पण एका कारकुनाच्या लेखणीने जे झालं, ते आपल्या शंभर परिसंवादांनी झालं नाही, हे तरी मान्य करू.

आता तासगाव. तुम्ही रोज ज्याच्यावरून जाता ते गणपती मंदिर डोळ्यांपुढे आणा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभं केलेलं. त्याच्या दारात काय आहे? सात मजली गोपूर. गोपूर ही महाराष्ट्राची रीत नव्हे. पटवर्धनांच्या फौजा कर्नाटकात, टिपूच्या मुलखापर्यंत गेल्या. तिकडची देवळं पाहिली, आणि तिकडची रीत इकडे आणली. आज कुणी तासगावकर म्हणतो का, की आपल्या देवळाचं गोपूर परकं आहे, मराठी संस्कृती इथे बिघडली? उलट ते गोपूर हीच आपली खूण. म्हणजे सरदाराने दक्षिणेकडून रीत आणली की ते वैभव, आणि मजुराने दुसऱ्या बेटावर रीत बदलली की ती घसरण! हा न्याय कुठला?

ऋषिपंचमीला रथ ओढला जातो, दोरांना हजारो हात लागतात. रथाचा विषय निघाला म्हणून 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथातला एक संवाद सांगतो. राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? जू? यातलं एकही एकेकटं रथ नाही, आणि यांच्यावेगळा रथ म्हणून काही उरतही नाही. भाग एकत्र येऊन चालतात तेव्हा त्याला रथ म्हणायचं. संस्कृतीचंही असंच आहे. भाषा म्हणजे मराठीपण नव्हे, गणपती म्हणजे नव्हे, पुरणपोळी म्हणजे नव्हे. माणसं हे भाग जुळवून काही चालवतात, तोवर ते आहे. चाक बदललं म्हणून रथ गेला असं नाही, आणि सगळे मूळ भाग कुलुपात नीट ठेवले पण ओढायला कुणी आलं नाही, तर रथ उरला असंही नाही.

हा प्रश्न मॉरिशसपुरता असता तर आम्ही तुमचा एवढा वेळ घेतला नसता. आपल्या जिल्ह्यात खानापूर-आटपाडीपासून तासगाव-कवठेमहांकाळपर्यंत गलाईचा धंदा करणारी घरं आहेत. दुष्काळाने माणसं बाहेर ढकलली, सोनं-चांदी गाळायचं काम हाती लागलं, आणि देशभरच्या सराफ बाजारांत आपली माणसं पोचली. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये. गावी बंगले बांधले, ते वर्षातले बरेच महिने कुलपात. त्यांची मुलं जत्रेला, दिवाळीला येतात. बोलण्यात तमिळचा नाहीतर मल्याळमचा हेल असतो, एखादा शब्द अडतो. आणि आपण काय करतो? हसतो. 'काय रे, मराठी विसरलास?' म्हणून चारचौघांत विचारतो. ज्यांनी 'जपलं' नाही, त्यांना आपण नापास करतो. तो पोरगा चार भाषांमध्ये व्यवहार करतो, परक्या गावात घर चालवतो, हे आपल्या गुणपत्रिकेत धरलेलंच नाही. अशी दहा वर्षं हसून पाहा. तो यायचा थांबेल. मग आपणच लेख लिहू, की नवी पिढी गावाला विसरली.

गलाईवाल्यालाच विचारा, तो सांगेल. मुशीत घातलेलं सोनं अशुद्ध काढून पुन्हा शुद्ध करता येतं. समाजाचं तसं गाळण होत नाही. मिसळलेलं वेगळं काढायला गेलात तर माणूसच हाती लागत नाही.

आणि याच्या उलट बाजूही पाहा. आपल्या कारखान्यांवर दर हंगामाला बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, कोप्या, थंडीत उघड्यावरची मुलं. करारावर आगाऊ पैसे, फिटेपर्यंत काम. मॉरिशसचा इतिहास वाचून हळहळणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. या लोकांच्या ओव्या आहेत, गाणी आहेत, शब्द आहेत. उद्या एखादा नायपॉल येऊन म्हणेल, या पट्ट्यात साखरेपलीकडे काही निर्माण झालं नाही. आपल्याकडे त्याला दाखवायला काय असेल? मॉरिशसच्या मजुराची नोंद मालकाच्या आणि सरकारच्या सोयीसाठी झाली, त्याच्या भल्यासाठी नव्हे. तरी ती झाली, आणि आज त्याचे पणतू त्या वहीतून आपलं गाव शोधतात. आपल्या ऊसतोड कामगाराची नोंद कितीतरी वर्षं मुकादमाच्या वहीतच राहिली, आणि ती वही म्हणजे उचलीचा हिशेब. आता ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं आहे. ते आधीच व्हायला हवं होतं.

शेवटचा मुद्दा. नायपॉल यांना कॅरिबियनमधूनच उत्तर मिळालं आहे. सेंट लुसिया नावाचं बेट आहे, सव्वासहाशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथले कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ चं साहित्याचं नोबेल मिळालं. नोबेलच्या भाषणाची सुरुवात त्यांनी कशाने केली असेल? त्रिनिदादच्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेने. ऊसमळ्यांच्या मुलखात, मजुरांच्या वंशजांनी मांडलेली रामलीला. वॉलकॉट म्हणतात, आधी हे सारं त्यांना मूळ गोष्टीची उरलीसुरली सावली वाटत होतं. मग कळलं, की खेळणाऱ्यांच्या लेखी त्यात हरवल्याचं दुःख नाहीच, तिथे श्रद्धा आहे, आनंद आहे. फुटलेल्या भांड्याचे तुकडे जुळवणाऱ्या प्रेमाला ते अखंड भांड्याच्या प्रेमापेक्षा वरचं स्थान देतात.

वॉलकॉट आम्हाला नायपॉलपेक्षा जवळचे आहेत. पण त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. तुकडे जुळतात, पण कुणाच्या अटींवर? फेब्रुवारी १९९९ मध्ये मॉरिशसमध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. सेगा वारशाच्या यादीत येतो, पण सेगा निर्माण करणाऱ्या गुलामांचे वंशज आजही आपल्याला मागे ठेवलं गेल्याची तक्रार करतात. बहुसंख्य भारतीय वंशाच्या सत्तेबद्दलची ती तक्रार आहे, आणि त्या बहुसंख्यांत आपले मराठीही येतात. तेव्हा 'जपलं' म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, तशा 'घडवलं' म्हणूनही डोळे मिटून वाजवायच्या नाहीत. जे घडवलं त्यात शेजाऱ्याला जागा आहे का, हे विचारायचं. घडवणारा म्हणून माणसाचा मान ठेवणं म्हणजे त्याला जबाबदारही धरणं. ठेवीदाराला जबाबदारी नसते, त्याला फक्त राखण असते. कर्त्याला जबाबदारी असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मॉरिशसहून कुणी मराठी माणूस आला, तर त्याचा सत्कार करून, नारळ देऊन, आपलं भाषण ऐकवून परत पाठवू नका. त्याला बोलू द्या. त्याच्या मराठीत बोलू द्या, अडखळला तर क्रिओलमध्ये बोलू द्या, दुभाषा बसवा. आमच्याकडून गेल्यावर तुम्ही काय केलंत, हे विचारा. आणि येत्या जत्रेला गलाईवाल्याचा पोरगा पारावर येऊन बसला, की 'मराठी विसरलास का' हा प्रश्न गिळून टाका. 'तिकडे कसं काय जमवलंस?' असं विचारा, आणि तो सांगेल ते पुरतं ऐका.